वादळामागे जाताना गाडीत काय असावे: ओक्लाहोमा आणि कॅन्ससमधील मे महिन्याचा वृत्तांत

अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या राज्यांत एप्रिल ते जून या काळात टोर्नेडोंचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या चक्राकार वाऱ्याच्या वादळांचा, हंगाम असतो, आणि मे हा त्यातला सर्वांत जोराचा महिना. डॅलसच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या काही मराठी मित्रांना या वादळांचा पाठलाग करणाऱ्या, म्हणजे इथे ज्यांना स्टॉर्म चेसर म्हणतात त्या लोकांबरोबर फिरायचे होते. आमच्या वाटाड्याचा या कामातला अनुभव मोठा होता. त्याने आमच्यापुढे एकच अट ठेवली: रक्तस्राव थांबवण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतल्याखेरीज गाडीत जागा मिळणार नाही. त्यामागचा हिशेब सरळ आहे. या प्रदेशात शेतवस्त्या एकमेकींपासून दूर आहेत, रुग्णवाहिका पुष्कळदा शेजारच्या गावातून आणि तीही स्वयंसेवकांच्या भरवशावर निघते, आणि टोर्नेडो एखाद्या घरावरून गेला की तिथे सर्वांत आधी पोहोचू शकणारा माणूस बहुधा तोच असतो, जो कॅमेरा घेऊन मैलभर अंतरावर उभा होता.

डॅलसहून आय-३५ महामार्गाने उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर नॉर्मन हे गाव आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल वेदर सेंटरमध्येच देशभरातील तीव्र वादळांचा अंदाज वर्तवणारे स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर काम करते. इमारत पाहायची असेल तर आगाऊ चौकशी करावी. हे केंद्र रोज धोक्याच्या पाच पातळ्यांचा नकाशा प्रसिद्ध करते आणि पाठलाग करणाऱ्यांचा दिवस त्याच नकाशाने सुरू होतो. ‘वॉच’ म्हणजे वादळाला अनुकूल परिस्थिती आहे, आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, हा फरक घरातल्या लहानथोरांना पाठ असतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी आपल्याकडे दोन-तीन दिवस तयारीला मिळाले होते. इथे इशारा आणि तडाखा यांत सरासरी दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. ओक्लाहोमा शहराच्या परिसरात शनिवारी दुपारी बारा वाजता इशाऱ्याच्या भोंग्यांची चाचणी होते, हे नव्याने येणाऱ्याने लक्षात ठेवावे, म्हणजे निरभ्र आकाशाखाली भोंगा वाजल्यावर धावपळ होणार नाही.

नॉर्मनच्या उत्तरेला लागूनच मूर आहे. २० मे २०१३ रोजी या गावावरून ईएफ-५ या सर्वांत वरच्या श्रेणीचा, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याचा, टोर्नेडो गेला आणि चोवीस जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी सात मुले प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेत होती. शाळा आता सुरक्षित खोल्यांसह पुन्हा उभी आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३१ मे रोजी, एल रेनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा, आजवर नोंदलेल्यांत सर्वांत रुंद टोर्नेडो झाला. त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला, आणि वादळांचा पाठलाग करून अभ्यास करणारे टिम सॅमारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यात सापडून दगावले. सॅमारस हे बेफिकीर हौशी नव्हते. २००३ मध्ये साउथ डकोटातील मँचेस्टर येथे त्यांच्या उपकरणाने टोर्नेडोच्या आत हवेच्या दाबातली १०० मिलिबारची घट नोंदवली होती, आणि या क्षेत्रातील सर्वांत सावध माणसांत त्यांची गणना होत असे. एल रेनोजवळच्या ग्रामीण रस्त्याच्या कडेला या तिघांचे स्मारक आहे. आमचा वाटाड्या प्रत्येक नव्या गटाला आधी तिथे नेतो. हा क्रम मला योग्य वाटला.

पाठलागाचे नियम त्याने तिथेच सांगितले. वादळ बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकते, म्हणून त्याच्या आग्नेयेला राहावे आणि दक्षिणेला जाणारा पक्का रस्ता नेहमी हाताशी ठेवावा. पावसाच्या पडद्यातून पलीकडे घुसण्याचा प्रयत्न करू नये, कारण टोर्नेडो पुष्कळदा त्याच पडद्याआड असतो आणि गारा गाडीची काच फोडतात. हा सारा प्रदेश मैला-मैलाच्या चौकटींत आखलेला असल्यामुळे नकाशावर रस्तेच रस्ते दिसतात, परंतु त्यांतले बरेच तांबड्या मातीचे आहेत, आणि पाऊस पडला की त्यांची गत विदर्भातल्या काळ्या मातीच्या पांदणीसारखी होते. पुलाखाली आसरा घेणे सर्वांत घातक. ३ मे १९९९ च्या वादळांत पुलांखाली थांबलेले तीन जण मरण पावले, कारण त्या अरुंद जागेत वारा अधिकच जोराने वाहतो आणि उडणारे अवशेष थेट अंगावर येतात.

तिथून आम्ही उत्तरेला कॅन्ससमधील ग्रीन्सबर्गकडे गेलो. ४ मे २००७ च्या रात्री या गावाचा सुमारे पंचाण्णव टक्के भाग जमीनदोस्त झाला होता. दीड हजाराच्या आत वस्ती असलेल्या या गावात भोंगे सुमारे वीस मिनिटे आधी वाजले आणि बहुतेकांना तळघरात उतरता आले, म्हणूनच एवढ्या विध्वंसानंतरही मृतांचा आकडा अकराच्या आसपास राहिला. वादळ अंधारात येत होते. विजेच्या लखलखाटात ते पाहून कळवणाऱ्या निरीक्षकांचा या इशाऱ्याला आधार मिळाला, ही गोष्ट पाठलाग करणाऱ्यांना केवळ थराराचे भुकेले समजणाऱ्यांनी विचारात घ्यावी. गावाने पुढे ऊर्जा वाचवणाऱ्या इमारती बांधून स्वतःला नव्याने उभे केले. एकोणिसाव्या शतकात हातांनी खणलेली १०९ फूट खोल विहीर आणि तिच्यावरचे संग्रहालय अवश्य पाहावे. मराठी माणसाला विहिरीचे कौतुक असतेच.

आम्ही जे पाहिले ते दक्षिण कॅन्ससमधील एका लहान गावाबाहेर. गावाचे नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांनी आपली कहाणी सांगण्याचे काम आमच्यावर सोपवलेले नाही. सायंकाळी फार मोठा नसलेला एक टोर्नेडो दोन शेतवस्त्यांवरून गेला. वाटाड्याने चित्रण थांबवले, मागून दुसरे वादळ येत नाही हे रडारवर पाहिले आणि मगच गाडी आत घातली. इंजिन बंद करून सर्वांनी गप्प उभे राहायचे, हाक मारायची आणि ऐकायचे, हे पहिले काम होते. ढिगाऱ्यातून येणारा आवाज गाडीच्या घरघरीत हरवतो. एकाने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला दूरध्वनी करून जवळच्या दोन रस्त्यांची नावे आणि अक्षांश-रेखांश सांगितले, कारण घराचा क्रमांक असलेली टपालपेटीच उडून गेली होती. दुसऱ्याने अंगणातील प्रोपेन या इंधनवायूच्या टाकीचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद केला. तळघरातून एक वृद्ध जोडपे स्वतःच्या पायांनी बाहेर आले. शेजारच्या वस्तीवरील गृहस्थाच्या मांडीला पत्र्याने खोल जखम झाली होती. तिच्यात निर्जंतुक जाळीची पट्टी कोंबून रुग्णवाहिका येईपर्यंत आमच्यातील एक जण दोन्ही हातांनी दाब देत बसला. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला आग किंवा वायुगळती नसेल तर हलवायचे नाही, हे प्रशिक्षणात शिकवलेले तिथे उपयोगी पडले. रुग्णवाहिका आल्यावर आमची गाडी रस्त्यावरून शेतात काढणे हेच आमचे पुढचे काम उरले.

अग्निशमन दल पोहोचले की सूत्रे त्यांच्याकडे जातात आणि पाठलाग करणाऱ्याने निघून जावे, असे आमच्या वाटाड्याचे ठाम मत आहे व मलाही ते पटते. दुसऱ्या दिवशी मदत करायची असेल तर गावातील चर्च किंवा शाळेत स्वयंसेवकांची नोंदणी सुरू होते, तिथे नाव द्यावे. आम्हाला ढिगारा उपसण्याऐवजी गव्हाच्या शेतातून पत्रे, खिळे आणि काचा वेचण्याचे काम मिळाले. ते बाहेरच्याला क्षुल्लक वाटते, पण जूनमध्ये कापणी यंत्र शेतात उतरते, आणि चाऱ्यातून तारेचा तुकडा गुरांच्या पोटात जातो. कुंपणे पडल्याने गुरे महामार्गावर आली होती, तीही वळवावी लागली. घरमालकाने विम्यासाठी छायाचित्रे काढण्यापूर्वी त्याच्या घराचे काहीही हलवू नये. सापडलेली छायाचित्रे आणि कागदपत्रे, कितीही भिजलेली असली, तरी फेकू नयेत. ती एका ठिकाणी गोळा केली जातात.

जाणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. जाड तळाचे बूट, कातडी हातमोजे, धुळीसाठी एन-९५ मुखपट्टी, रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट, दाबपट्ट्या, पाना, विजेरी आणि भरपूर पाणी गाडीत हवे. मोबाइलचे मनोरे पडल्यावर दूरध्वनी लागत नाही तेव्हा साधा संदेश पुष्कळदा जातो; हवामान रेडिओ मात्र चालू राहतो, तो जरूर घ्यावा. राष्ट्रीय हवामान सेवेचे स्कायवॉर्न निरीक्षक प्रशिक्षण विनामूल्य आहे आणि सामान्यतः एका बैठकीत होते. वादळ कसे ओळखावे आणि कळवताना काय सांगावे, हे त्यात शिकवतात. भाड्याच्या गाडीचा विमा गारांचे नुकसान भरून देतो का, हे आधी विचारावे. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, कारण वीज गेली की पंपही बंद पडतात. तुटलेल्या तारा, त्या निर्जीव दिसल्या तरी, चालू आहेत असेच समजावे, आणि गॅसचा वास येत असेल तिथे दिव्याचे बटणही दाबू नये.

घरून मदत पाठवू इच्छिणाऱ्यांनी कपड्यांचे गठ्ठे पाठवू नयेत. ते निवडायला आणि ठेवायला माणसे व जागा लागते, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींची तिथे टंचाई असते. रेड क्रॉससारख्या संस्थेला किंवा त्या गावाने जाहीर केलेल्या निधीला पैसे द्यावेत. वेळ देता येत असेल तर पहिला आठवडा सोडून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जावे, कारण तोवर दूरचित्रवाणीच्या गाड्या परतलेल्या असतात, सुरुवातीच्या स्वयंसेवकांची सुट्टी संपलेली असते आणि छपरे मात्र अजून ताडपत्रीखालीच असतात.