बी पेशींचा कोरा कोपरा

फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशी ओळखून मोजण्याचं तंत्र; तिच्या पडद्यावर रक्तातली एकेक पेशी ठिपका होऊन उमटते. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्यावरच्या खुणांवरून ओळखायच्या : सीडी३ ही खूण असलेल्या टी पेशींचा दाट पुंजका एकीकडे, सीडी१९ असलेल्या बी पेशींचा लहान पुंजका दुसरीकडे. त्या सकाळी जांभळ्या झाकणाच्या नळीतला नमुना लावला आणि बी पेशींचा कोपरा जवळजवळ कोराच निघाला. ही खूण दाखवणारी अँटिबॉडी नळीत टाकायची राहिली की काय, म्हणून पुन्हा लावला. तेच! मग फॉर्म नीट वाचला : मल्टिपल स्क्लेरोसिस, रिटुक्सिमॅब देऊन सहा आठवडे. म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार, आणि बी पेशी काढून टाकणारं औषध.

दुपारी रिपोर्ट न्यायला ती रुग्ण आईला घेऊन आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय २९. आधी एका डोळ्याची नजर अंधुक झाली होती, पुढे पायांना मुंग्या. शून्य वाचून तिचा चेहरा उतरला. "मॅडम, माझी प्रतिकारशक्तीच संपली का?"

तिला पडद्यासमोर बसवलं. "हा मोठा पुंजका बघा, तुमच्या टी पेशी. जागच्या जागी आहेत." औषध बी पेशींवरच्या सीडी२० या दुसऱ्या खुणेला चिकटून ती झाकतं, म्हणून आम्ही त्या पेशी सीडी१९ वरून मोजतो, हेही सांगितलं.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," आई म्हणाली.

"हो काकू. पण कुंपणाला चिथावणारंही कुणीतरी होतं."

मला या आजारातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण सोलण्याचा ठपका वर्षानुवर्षं मुख्यतः टी पेशींवर होता. २००८ साली १०४ रुग्णांवरच्या चाचणीत रिटुक्सिमॅबनं बी पेशी काढल्या आणि एमआरआयवरचे ताजे डाग झपाट्यानं कमी झाले. अँटिबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर तर सीडी२० नसतंच, त्या शाबूत राहतात. म्हणजे फायदा केवळ अँटिबॉडी घटल्यानं झालेला नव्हता. बी पेशी टी पेशींना ओळखीचे तुकडे दाखवून भडकवतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात. ती संगत तुटली होती.

ताप आला तर अंगावर काढू नका, लस घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, असं बजावलं. ती अजून त्या कोऱ्या कोपऱ्याकडेच बघत होती.

"या परत येतील?"

"औषध थांबवलं तर काही महिन्यांनी येतात. सुरुवातीला बहुतेक कोऱ्या, नव्या. जुनं लक्षात ठेवणाऱ्या मागाहून, सावकाश."

"म्हणजे जूनमधली पहिली," ती म्हणाली, आणि रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला.