फुकटातला वाघ

आज ताडोब्यात सफारी केली. वाघ दिसला नाही, ते असो. परतताना मोहर्लीकडच्या एका गावात चहाला थांबलो आणि तासभर तिथंच रमलो.

अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, गोडसर आंबूस वास. मावशी म्हणाल्या, "तुमाले वाघ पायाले पैसे द्या लागते, आमाले फुकटात दिसते." सगळे हसले. मग त्यांनीच सांगितलं: मोह पहाटे गळतो, उशीर केला की हरणं खातात. म्हणून अंधारातच निघायचं. वेचताना बाई वाकलेली; वाघाला ती जनावरच वाटते. आता चौघी मिळून जातात, एक उभी राहून राखण करते.

मावशींचा मुलगा जिप्सीवर गाईड. त्याला जंगल राहायला हवंय. बापाला मात्र रानडुकरांनी लोळवलेलं धान आठवतं. चहा होईस्तोवर दोघांची जुंपलीच! १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प, हे मी गाडीत वाचत आलो होतो. घरातल्या म्हातारीला त्याचं काही नाही. तिला विचारायचं होतं एकच, जंगलातल्या तळ्याकाठच्या तारूदेवाला, त्यांच्या गोंडी देवाला, मनात येईल तेव्हा का जाता येत नाही? मी चहाच्या कपात बघत बसलो.

निघताना मावशींनी मूठभर मोह कागदात बांधून दिला. गाडीला अजून तोच वास आहे.