स्वतःच्या भाषेला स्वतःची लिपी: माझा अनुभव

माझी एक स्वतः बनवलेली भाषा आहे, बरीच वर्षं ती रोमनमध्येच टाइप करायचो, मग तिला लिपी द्यायचं डोक्यात आलं. बरेच जण आधी सुंदर सुंदर आकार काढत बसतात, मी म्हणेन तो मोह आवरा, आधी आवाजांची यादी करा आणि शब्द कशावर संपतात ते बघा. आपल्या डोक्यात बाराखडी एवढी पक्की बसलेली असते की प्रत्येक अक्षरात 'अ' असणारच असं आपण धरूनच चालतो, पण माझ्या भाषेत शब्द म्हणजे 'तल्क्', 'मुर्श्', तिथे निम्म्या अक्षरांचे पाय मोडत बसावं लागलं असतं. म्हणून स्वरांना सरळ वेगळी अक्षरं दिली.

आकारांसाठी आधी हंगुल ही कोरियन लिपी बघितली. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४३ मध्ये ती तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, आणि तिच्यात क चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेचा आकार, त्यात एक रेघ वाढवली की झाला ख! (आपल्या क आणि ख कडे बघून कोणी म्हणेल का हे सख्खे भाऊ?) मीही तसंच केलं, कागदावर एकदम झकास दिसत होतं, पण बॉलपेनने भरभर पानभर उतरवलं तर त्या बारक्या रेघा गायब आणि सगळी अक्षरं सारखीच.

मग मोडी. आधी ओळभर रेघ मारायची, मग शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, सगळा मामला वेगाचा. तिथून दोन गोष्टी घेतल्या, प्रत्येक अक्षर उजवीकडे खाली संपवायचं म्हणजे पुढचं तिथूनच उचलता येतं, आणि जादा रेघेऐवजी गाठ, कारण घाईतही गाठ टिकते.

फॉन्ट फॉन्टफोर्ज या सॉफ्टवेअरमध्ये केला, फुकट आहे पण डोकं खातं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या यादीत, अशा खाजगी लिप्यांसाठी ६४०० जागांचा एक पट्टा मोकळा ठेवलाय, तिथे अक्षरं टाकली. पण देवनागरीत पहिली वेलांटी नंतर टाइप करूनही आधी दिसते ना, ती सोय या पट्ट्यात आयती मिळत नाही, त्यामुळे स्वर वेगळे ठेवले ते इथे फारच कामी आलं. आकडे अजून बनवायचेत, सध्या देवनागरीचेच वापरतोय.