बघूया की

टिळकवाडीत माझं बुकिंगचं दुकान आहे. पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या बस, तिरुपती, पंढरपूर, सांबऱ्याहून विमानाची तिकिटं, हे पोटाचं काम. गेली पाच-सहा वर्षं त्याला एक शेपूट जोडलं गेलंय. गळ टाकायची हौस असलेल्यांना मालवणजवळच्या देवबागची होडी ठरवून देतो. सोबत वाटाड्या, रॉड, रील, सगळं होडीवाल्याचंच. बेळगावला समुद्र नाही, म्हणूनच हे चालतं. मालवणच्या माणसाला ‘मासा धरायला पैसे भर’ म्हटलं तर तो मला वेड्यात काढेल. आमच्याकडची माणसं मात्र रात्री एकला गाडीत बसून, आंबोलीचा घाट उतरून, उजाडायच्या आत कर्लीच्या खाडीवर हजर होतात.

गिऱ्हाईक कॅलेंडर बघून फोन करतं, मी पंचांग बघून उचलतो. त्यांना रविवार हवा असतो, मला तिथी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. भरती-ओहोटी होते, पण पाण्याला ओढ नसते, आणि ओढ नसली की खाडीच्या तोंडाशी मोठा मासा खायला येत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण. त्यातही पुनव उलटून एक-दोन दिवस गेले की जोर चांगला असतो. वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास पूर्ण ओहोटी. मालवणकडे हे थोडं आधीच होतं. मोबाईलवर आता मिनिटासकट सगळं दिसतं, तरी मी आधी बोटांवर काढतो आणि मग मोबाईल बघतो. जुळलं की बरं वाटतं.

हे सगळं सांगून झालं की पलीकडून हमखास प्रश्न येतो, “ते ठीक आहे ओ, पण किती किलो गॅरंटी?” हा प्रश्न ऐकून मी आता चिडत नाही. बेळगावात मासा म्हणजे बाजारात बर्फावर पडलेला इसवण, वजन करून घ्यायचा. तो पाण्यात असताना आपला नसतो, हे कुणाला फोनवर पटवायचं?

होडीविषयी मात्र मी ताणून धरतो. बावीस फुटी फायबरची होडी, मागं मशीन. बघायला गेलं तर दहा माणसं बसतील. देवबागचा माझा माणूस गळवाले चारच घेतो, वर तो स्वतः आणि एक पोरगा. कारण साधं आहे. एकेका नकली माशाला तीन-तीन काट्यांचे दोन गळ लोंबत असतात आणि नवशिक्या माणूस तो रॉड डोक्यावरून मागं नेऊन फेकतो. पाच जण एकदम फेकायला लागले की मासा लागायच्या आधी कुणाचा तरी कान लागतो. तो प्रत्येक गळाचा उलटा दात चिमट्यानं दाबून टाकतो, म्हणजे लागलाच कुणाला तर आल्या वाटेनं निघतो. आणि खडकांत तांबोशी लागली तर ती पहिल्या दोन सेकंदांत बिळाकडे झेप घेते. तेव्हा रील घट्ट आवळलेलं लागतं आणि बाजूच्या तिघांनी आपापल्या दोऱ्या उचलायच्या असतात. चार माणसं ऐकतात. सात माणसं एकमेकांचे फोटो काढतात.

खजुरीचं आणखी वेगळं. गोव्यात तिला चोणक म्हणतात. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे हाताएवढी मोठी खजुरी ही अंड्यांचीच. माझा माणूस ती फोटो काढून सोडून देतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे अर्धे पैसे परत मागितले होते.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे सुपरवायझर दुकानात आले. त्यांच्या भट्टीवरचे तात्या निवृत्त होणार होते. आयुष्य कुपोल्यासमोर गेलेला माणूस. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ ठरलं होतंच. (सगळी नोकरी भोंग्यावर काढलेल्याला घड्याळ का देतात, कोण जाणे.) पण पोरांनी म्हणे हट्ट धरला की तात्यांना गळाचा नाद आहे, मार्कंडेय नदीवर सुटीचा दिवस काढतात, त्यांना एकदा समुद्रावर न्यायचं. ऐकून मला फार आवडलं. त्यांना दशमीचा, म्हणजे भांगातलाच रविवार हवा होता. मी बोटं मोजून तो पुढं ढकलला, द्वितीयेच्या रविवारवर आणला. सकाळी पावणेसातच्या आसपास ओहोटी संपून पाणी उलटणार, त्याच वेळी उजाडणार, आणि अकरापर्यंत जमिनीकडून मतलई वारा, म्हणजे खाडीचं तोंड शांत. असा दिवस महिन्यातून फार तर दोनदा जुळतो. मी स्वतःवर खूश होतो.

पैसे मोजताना सुपरवायझर म्हणाले, “चार लिहा. पण सहा-सात होतील बघा. चालतंय न्हवं?”

मी म्हणालो, “बघूया की.”

बेळगावात ‘बघूया की’ म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं कठीण. नाही म्हणून समोरच्याला दुखवायचं नसतं, हो म्हणून अडकायचं नसतं. बोलणारा त्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा घेतो आणि ऐकणारा ‘झालंच समजा’ असा. सरकारी कचेरीपासून सोयरीक जुळवण्यापर्यंत आमचं सगळं यावर चालतं. त्या दिवशी काउंटरवर दोन गिऱ्हाइकं तिरुपतीसाठी उभी होती. मी पावती फाडली.

नावं गोळा करायचं काम त्यांच्या ऑफिसमधल्या एका पोराकडे होतं. माझा फॉर्म मुळात तिरुपतीसाठी केलेला आहे. नाव, वय, आधार नंबर, एक मोबाईल नंबर. होडीसाठी तोच वापरतो. देवबागच्या माणसाला ही यादी आदल्या दिवशी लागते. उद्या किनाऱ्यावर कुणी विचारलं तर होडीतली माणसं आणि कागदावरची माणसं एक असली पाहिजेत, यात तो ऐकत नाही. पोरानं व्हॉट्सअॅपवर चार आधारचे फोटो पाठवले. मी नावं उतरवून पुढं पाठवली. आधारवरची नावं, कन्नडात आणि इंग्रजीत. ‘तात्या’ हे कुणाच्याही आधारवर नसतं. चारातलं एक नाव त्यांचं असणार असं मी धरून चाललो. असंही म्हणता येणार नाही. खरं तर मी तसा विचारच केला नाही.

रविवारी पहाटे पावणेसहाला फोन. देवबागचा.

“काका, सात जण इले हत. चार सांगितलेलास ना?”

मागून सुपरवायझरांचा आवाज, “द्या ओ इकडं. काय हो, तुम्ही बघूया की म्हणलासा न्हवं? आता ह्यो नाही म्हणतोय.”

मी अंथरुणात उठून बसलो. बायकोनं दिवा लावला. मला राग कुणाचा आला, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं. माझाच आला होता, पण तो मी यादीवर काढला. फोन परत त्याच्याकडे गेला.

“काका, सुकती संपत इली. काय ता लवकर सांगा. नावा बदलूची असली तर बदला. माका चार माणसा होयी, कोणीय असांदेत.”

हे वाक्य नीट ऐकलं मी. नवं आधार दाखवायचं, जुनं एक नाव खोडायचं, पाच मिनिटांचं काम. आणि मी म्हणालो, “जी यादी आहे ती आहे. वाचतो.” दुकानातल्या आवाजात, तिरुपतीच्या रांगेत वाचतात तशी चार नावं वाचली. सुपरवायझर. त्यांचे अकाउंटंट. कोल्हापूरहून आलेला त्यांचा एक माल घेणारा, तो निवृत्तीच्या सहलीत कसा आला ते मला आजही कळलेलं नाही. आणि चौथा तो आधार गोळा करणारा पोरगा.

त्यानंतर तिथं तास-दीड तास वाद झाला. दोन फेऱ्या करा, आधी चार, मग तीन, असं कुणी तरी सुचवलं. माझ्या माणसानं सांगितलं की दुसऱ्या फेरीला अकरा वाजतील, वायव्येचा वारा सुटेल, खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतील, नवीन माणसं घेऊन तो जाणार नाही. बरोबर सांगितलं. पैशासाठी हो म्हणणारे दुसरे आहेत किनाऱ्यावर, म्हणून तर मी याला धरून आहे. होडी निघाली सव्वासातला. पाणी उलटून अर्धा तास झाला होता. पोचेपर्यंत सूर्य वर. ज्या घटकेसाठी मी बोटं मोजली होती, ती भांडणात गेली. दीडेक किलोचा एक कोकर मिळाला आणि खडकात एक मोठं काही तरी लागून दोरी कापून गेलं. अकाउंटंटना उलट्या झाल्या. सावंतवाडीला पहाटे चारला भजी खाल्ली होती. तेलकट खाऊ नका हे मी फॉर्मच्या पाठीमागं छापलंय, ते कोण वाचतंय.

संध्याकाळी सुपरवायझरांनी उरलेले पैसे पाठवले आणि अंगठा. तक्रार नाही. मला वाटलं, निभावलं.

मंगळवारी तो पोरगा दुकानात आला. पुण्याचं तिकीट काढायचं होतं म्हणाला, पण तिकीट काढलं आणि उभाच राहिला. मग म्हणाला, “काका, तात्या खालीच राहिले.”

मला आधी समजलंच नाही.

किनाऱ्यावर फोन स्पीकरवर होता. मी नावं वाचत गेलो तसे एकेक जण होडीकडे सरकले. चौथं नाव या पोराचं आलं. तात्या हातात स्वतःची गरी घेऊन उभे होते. लाकडी पट्टीला गुंडाळलेली दोरी, नदीवर वापरतात ती. त्यांनी ती पिशवीत टाकली आणि म्हणाले, “जावा तुम्ही. मी हितं बसतो सुरूच्या बनात.” पोरगा म्हणतो, मी जागा देणार होतो, पण सुपरवायझर म्हणाले की काका यादीला चिकटून आहेत, तुझंच नाव आहे, चल बस. तात्यांचं आधार त्यानं का घेतलं नव्हतं, हेही त्यानं सांगितलं. तात्यांकडे साधा फोन आहे. त्यातून फोटो कसा येणार? उद्या घेतो, परवा घेतो करत राहिलं. आणि सहा-सात चालतात असं सुपरवायझरांनी सांगितलंच होतं.

पुढची गोष्ट फाउंड्रीत सगळे हसत सांगतात म्हणे. होडी गेल्यावर समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला सुरुवात झाली. तात्या उठून दोरीला लागले. भट्टीवरचा माणूस, दंड अजून शाबूत. ओढून झाल्यावर गावकऱ्यांनी हात लावणाऱ्यांना देतात तसे पिशवीभर तारले त्यांना दिले. म्हणजे होडीवाल्यांना एक कोकर आणि तात्यांना पिशवीभर. सुपरवायझर मला फोनवर म्हणाले, “बघा, खरी मजा तात्यांनाच आली.” मी हसलो. पण ही गोष्ट मला काही पचत नाही. ती आम्हा सगळ्यांना फारच सोयीची आहे. त्यांना गळ टाकायचा होता, जाळं ओढायचं नव्हतं. दोरी ओढणं त्यांनी आयुष्यभर केलंय, वेगळ्या नावाखाली.

मी कितीदा तरी त्या फोनवर परत जातो. सात कोण आहेत, एवढं विचारलं असतं तरी झालं असतं. ‘तात्या आलेत काय?’ दुकानात माझ्यासमोर ज्यांच्या नावानं पैसे मोजले गेले, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माझ्या ध्यानात नव्हतं. देवबागचा माणूस म्हणतो, “काका, तुमची काय चूक? मी ईचारलंय, तुमी सांगितलास.” तेच तर.

मार्चमध्ये पुनव झाल्यावर एक रविवार चांगला होता. मी होडी अडवून ठेवायला सांगितली, दोघांपुरती. मग तात्यांना फोन करावा म्हणून फेब्रुवारीचा फॉर्म काढला. त्यावर मोबाईल नंबर एकच, सुपरवायझरांचा. पोराला विचारलं. तो पुण्याला लागलाय आता. म्हणाला, “नंबर न्हाई ओ काका माझ्याकडं. कंपनीत लँडलाईनवर बोलवून घ्यायचो त्यांना.” फाउंड्रीत फोन केला. ऑपरेटरनं विचारलं, “तात्या म्हणजे कोण? नाव सांगा.”