आधी प्लस लावा, मग बघा

आज सकाळपासून कोथरूडमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 'तुमच्या गाडीचं चलन थकलंय, लगेच भरा' असा मेसेज फिरतोय. खाली बिटलीची (लांब पत्ते छोटे करणाऱ्या सेवेची) छोटी लिंक. काका-काकूंनो, तिच्यावर टॅप करू नका!

लिंकवर बोट दाबून धरा आणि कॉपी करा. दाबून धरल्यावर दिसतो तो छोटाच पत्ता, खरा नाही. ब्राउझरमध्ये पेस्ट करून शेवटी, मध्ये जागा न सोडता, + लावा आणि मग एंटर. बिटली तुम्हाला पुढे न ढकलता मूळ पत्ता दाखवते. इझ-जीडी (is.gd) या तशाच दुसऱ्या सेवेच्या लिंकला + ऐवजी - लावायचं.

आता पत्ता वाचायचा, आणि लोक चुकतात ते इथेच. 'एचटीटीपीएस' नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. सरकारी चलनाचा पत्ता त्या रेघेआधी 'डॉट गव्ह डॉट इन' असाच संपतो. 'परिवहन' सुरुवातीला आणि शेवटी भलतंच काही असेल तर ती बनावट. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते चोरांच्या साइटलाही मिळतं.

मूळ पत्ताही छोटाच निघाला तर व्हायरसटोटल या लिंक तपासणाऱ्या साइटवर टाकून तपासा. मात्र स्वतःची खासगी लिंक तिथे टाकू नका, ती इतरांना दिसू शकते.

पत्त्याच्या शेवटी 'एपीके' (फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल) दिसलं तर विषय संपला, मेसेज डिलीट. पैसे गेलेच असतील तर आत्ताच्या आत्ता 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.