तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळातला चार

हो, रोमन आकड्यांच्या जुन्या, भिंतीवरच्या घड्याळांत चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. नाही, ती छापणाऱ्याची चूक नाही. आणि नाही, तबकडी मी बदललेली नाही. माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात चहा येईपर्यंत गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं आणि हमखास विचारतं, "शाळेत तर एक रेघ आणि व्ही शिकवलं होतं. मग इथे असं का?"

पूर्वी मी राजाची गोष्ट सांगायचो. फ्रान्सचा पाचवा चार्ल्स, पॅरिसच्या राजवाड्याचं घड्याळ, आणि "माझ्या पाचातून एक वजा करतोस?" म्हणून रेघ-व्ही काढणाऱ्या कारागिरावर डाफरणारे महाराज. गिऱ्हाईक खूश. कुणी तीच गोष्ट चौदाव्या लुईच्या नावावर खपवतं. पण हा चार्ल्स चौदाव्या शतकातला. इसवी सन ८० मध्ये सुरू झालेल्या रोमच्या कोलोसियमच्या दारावर चव्वेचाळीस हा आकडा कोरलाय, त्यात चाळीस वजाबाकीने (पन्नासातून दहा) लिहिलेत आणि पुढे चार सरळ रेघा. खुद्द रोमनच दोन्ही तऱ्हा वापरत होते, तर राजाचा संबंध काय? माझ्यातला जुना दुकानदार म्हणतो, गोष्टीपायी लोक तबकडी नीट बघायचे तरी. खोटं नाही ते.

मला स्वतःला पटतं ते तबकडी हातात धरल्यावर दिसतं. आकड्यांचे पाय मध्याकडे असतात, म्हणून सहा साफ उलटा आणि चारही जवळपास उलटाच. दोघांच्या मध्ये फक्त पाच. रेघ-व्ही आणि व्ही-रेघ असे शेजारी उलटे टांगले की लांबून बघणारा फसणारच. शिवाय समोर आठ आहे, चांगला रुंद. त्याच्यापुढे चार रेघा शोभतात. साच्याचंही एक गणित सांगतात: चार रेघा धरल्या तर तबकडीला वीस रेघा, चार व्ही, चार एक्स, म्हणजे एकच साचा चारदा ओतला की काम झालं. सुबक आहे, पण हाताने रंगवलेल्या तबकड्यांवरही चार रेघाच असतात, त्याचं काय?

आता तुम्ही बिग बेनचा फोटो काढणार. माहीत आहे. १८५९ साली सुरू झालेल्या त्या घड्याळावर रेघ-व्ही आहे आणि कुणी फसत नाही. सतराव्या शतकातल्या लंडनच्या जोसेफ निब या घड्याळजीकडे रेघ-व्हीसाठी निदान कारण होतं. त्याच्या काही घड्याळांत दोन घंटा: एक रेघेची, एक व्हीची, आणि एक्सला व्हीचे दोन टोले. बारा तासांत अठ्ठ्याहत्तरऐवजी तीसच टोले, स्प्रिंगची ताकद वाचते. चारला आधी एक आणि मग पाच वाजणार, म्हणून तबकडीवरही तसंच.

एकदा मात्र या प्रश्नाचा आरोप झाला. एका आजींचं अमेरिकन लंबकाचं घड्याळ साफ करून ठेवलं होतं. न्यायला मुलगा आला, चारवर बोट ठेवलं आणि भरल्या दुकानात म्हणाला, "ओरिजिनल तबकडी कुठंय?" मी चावीची भोकं दाखवली. भोकांभोवती गोल चरे होते, वर्षानुवर्षं चावी लावताना पडतात तसे. नव्या तबकडीवर कुठून येणार? "ते काय, करता येतं," तो म्हणाला. मी आजींकडे बघितलं. हे घड्याळ त्यांनी लग्न झाल्यापासून बघितलेलं. "अरे, चार असाच होता," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे बघून, "म्हणजे, मला वाटतं."

मुलाचं मला फारसं लागलं नाही, त्या "मला वाटतं"चं लागलं. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या बाईने मुलासमोर काय बोलावं? बरोबर आहे. तरी लागलं.

गेल्या महिन्यात तेच घड्याळ परत आलं, ड्रायव्हरच्या हाती. मेनस्प्रिंग तुटली होती. चारमधल्या रेघा कुणीतरी खरवडल्यात आणि काळ्या ऑइलपेंटने व्ही काढलाय, तोही जाड पाय उजवीकडे घेऊन. व्हीचा जाड पाय डावा असतो. शेजारच्या पाचाकडे बघून तरी काढायचा! पेंट काढता येईल, रेघा मी पुन्हा भरू शकतो. पण पैसे स्प्रिंगचेच ठरलेत, आणि आजी आता आहेत की नाहीत हे ड्रायव्हरला विचारायचा धीर मला झाला नाही. स्प्रिंग बसवून झाली आहे. तबकडी अजून टेबलावरच आहे.