इंडियन वेल्स पाहायचं तर पहिल्या चार दिवसांत

कॅलिफोर्नियातल्या इंडियन वेल्स गावी दर मार्चमध्ये पुरुष आणि महिलांची मोठी टेनिस स्पर्धा भरते. तिथे जायला लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट 10 हा महामार्ग धरून पूर्वेला निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर कोचेला खोरं लागतं. रस्ता मोकळा असेल तर दोन-सव्वादोन तास, शुक्रवारी दुपारी निघालात तर चार धरून चाला. वाटेत सॅन गोर्गोनियो खिंडीत पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. त्या गरागरा फिरताना दिसल्या तर त्या दिवशीच्या टेनिसचा अंदाज तिथेच बांधता येतो, कारण याच खिंडीतून वारा खोऱ्यात उतरतो. विमानानं थेट जवळ यायचं तर पाम स्प्रिंग्स विमानतळ आहे, तिथून गाडीनं अर्धा तास.

खोऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेला पाम स्प्रिंग्स, कॅथेड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला क्विंटा आणि इंडिओ अशी गावं एकाला एक चिकटून आहेत. मुक्कामासाठी मी इंडिओ किंवा कॅथेड्रल सिटीकडे बघेन. इंडियन वेल्स हे गोल्फ आणि रिसॉर्टचं गाव आहे, त्यात मार्च हा त्यांचा ऐन हंगाम. स्पर्धेचं मैदान माइल्स अव्हेन्यू आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या नाक्याजवळ आहे.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळं एक तास पुढे जातात, आणि हा रविवार स्पर्धेच्या दिवसांतच येतो. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. घरच्यांना सामन्याची वेळ कळवतानाही हे लक्षात असू द्या. अकराचा सामना त्या रविवारच्या आधी भारतात रात्री साडेबाराला सुरू होतो, नंतर साडेअकराला.

आता मुद्द्याचं. पुरुष आणि महिला दोन्ही एकेरीत 96 खेळाडू असतात. पैकी 32 मानांकितांना, म्हणजे क्रमवारीतल्या वरच्यांना, पहिल्या फेरीत बाय मिळतो (न खेळताच ते दुसऱ्या फेरीत जातात), उरलेले 64 खेळतात आणि त्यातले 32 जिंकणारे दुसऱ्या फेरीत मानांकितांसमोर उभे राहतात. मुख्य ड्रॉ, म्हणजे या खेळाडूंची मुख्य स्पर्धा, बुधवारी सुरू होतो. बुधवार-गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवार-शनिवारी दुसरी. हिशेब केला तर या चार दिवसांत एकेरीचेच 128 सामने होतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला दोन-चार सामने उरतात आणि तिकीट मात्र कितीतरी महाग. जेतेपदाचा क्षण बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी, पण टेनिस बघायचं असेल तर शुक्रवार आणि शनिवार दोन्ही घ्या. अर्धा ड्रॉ एका दिवशी, अर्धा दुसऱ्या दिवशी खेळतो. एकच दिवस निवडलात तर आवडता खेळाडू नेमका दुसऱ्या अर्ध्यात निघण्याची शक्यता निम्मी.

त्याआधीची पात्रता फेरीही हलकी समजू नका. 48 जणांतून 12 जण आत येतात, दोन सामने जिंकून. हरलेल्यालाही कधी दार उघडतं. 2024 मध्ये भारताचा सुमित नागल पात्रतेत हरला होता. राफाएल नदालनं ऐनवेळी माघार घेतली आणि त्याच्या जागी नागल मुख्य ड्रॉमध्ये मिलोश राओनिचसमोर खेळला.

स्टेडियम 1 या मुख्य कोर्टाभोवती 16,100 आसनं आहेत. खास टेनिससाठी बांधलेल्या मैदानांत याहून मोठं फक्त न्यूयॉर्कचं आर्थर अ‍ॅश. आकडा ऐकायला छान, पण वरच्या मजल्यावरून चेंडू दिसतो आणि त्याची फिरकी दिसत नाही. तेवढ्या पैशात ग्राउंड पास, म्हणजे स्टेडियम 1 सोडून बाकी कोर्टांवर फिरायचं तिकीट, कितीतरी जास्त देतो. बाहेरच्या कोर्टांवर तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसता येतं, स्टेडियम 2 च्या अनारक्षित जागाही खुल्या असतात. त्यांच्यासाठी मात्र रांग लागते, आणि सामना सुरू असताना बाजू बदलण्याच्या वेळीच आत सोडतात. रांगेत वीस मिनिटं जाणार हे गृहीत धरून एक सामना आधीच जागा पकडावी. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. त्यात ‘नॉट बिफोर’ लिहिलं असेल तर सामना त्या वेळेआधी सुरू होत नाही, उशीर मात्र होऊ शकतो; बाकी सगळे सामने आधीचा संपला की. तीनपैकी दोन सेट जिंकायचा सामना सव्वा तासात उरकतो किंवा तीन तासही चालतो, त्यामुळे दुपारनंतरच्या वेळा निव्वळ अंदाज.

स्टेडियम 1 चं तिकीट घेतलंच तर पश्चिमेकडची बाजू घ्या. चारच्या सुमारास तिथे सावली यायला लागते, पूर्वेकडचे लोक मात्र सूर्य मावळेपर्यंत भाजून निघतात. मार्चमध्ये दुपारी 25 ते 30 अंश तापमान असतं, हवा इतकी कोरडी की घाम जाणवतच नाही, आणि इथेच लोक फसतात. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. रात्री पारा 12-13 पर्यंत उतरतो. रात्रीच्या सत्राला जाड जॅकेट हवंच. दुपारी टी-शर्टवर आलेले लोक दुसऱ्या सेटला कुडकुडत निघून जाताना दिसतात.

या तापमानाचा खेळावरचा परिणाम डोळ्यांनी बघता येतो. हार्ड कोर्टच्या अ‍ॅक्रिलिक थरात वाळू मिसळलेली असते. वाळू जितकी भरड, तितका चेंडू टप्प्यावर अडतो, पुढचा वेग गमावतो आणि उंच उसळतो. इंडियन वेल्सचं कोर्ट वर्षानुवर्षं याच प्रकारचं, संथ आणि उंच उसळीचं, म्हणून ओळखलं जातं. 2025 पासून पृष्ठभाग प्लेक्सिपेव्ह या ब्रँडऐवजी लेकोल्ड या ब्रँडचा आहे. पण हवा उलट दिशेनं ओढते. गरम हवा विरळ, म्हणून चेंडूला अडथळा कमी. फटका हवेत सुसाट जातो आणि टॉपस्पिन (चेंडूला खाली ओढणारी फिरकी) असूनही बेसलाइनबाहेर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपलीकडे, पडतो. म्हणजे दुपारी चेंडू हवेत वेगवान आणि टप्प्यानंतर संथ. रात्री गारव्यानं चेंडूच्या आतला दाब घटतो, उसळी मरते आणि एकेक गुण जिंकायला वीस-वीस फटके लागतात. म्हणूनच खेळाडू दिवसाच्या सामन्याला रॅकेटच्या तारा एक-दोन पौंडांनी घट्ट करून घेतात, रात्रीच्या सामन्याला सैल.

चेंडू पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बदलतात. भरड कोर्टावर त्यांचं लोकरी आवरण लवकर फुलतं, त्यामुळे बदलाआधीच्या दोन गेममध्ये सर्व्हिस मोडण्याची, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याची, संधी जास्त. नवे चेंडू कोणाच्या सर्व्हिसला येतायत हे मोजत बसायची सवय लावून घ्या, सामना वेगळाच दिसायला लागतो. भर दुपारी उत्तर टोकाकडून सर्व्हिस करणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जातं. बाजू बदलण्याच्या नियमामुळे प्रत्येकाला एकाआड एक सर्व्हिस गेम तिथूनच करावा लागतो. डबल फॉल्ट (एका गुणात दोन्ही सर्व्हिस चुकणं) कुठे होतात ते मोजा.

सरावाची कोर्टं हा इथला सगळ्यात मोठा फायदा. कोण कोणत्या कोर्टावर कधी येणार ते जाहीर होतं. मोठं नाव असेल तर निदान अर्धा तास आधी कुंपणाशी उभं राहावं लागतं. सकाळी दहाच्या आसपास गर्दी त्यामानानं कमी.

दुहेरीकडेही पाठ फिरवू नका. ड्रॉ मोठा, मध्ये विश्रांतीचे दिवस, त्यामुळे एकेरीतले बडे खेळाडू इथे दुहेरीत उतरतात. नदालनं मार्क लोपेझबरोबर 2010 आणि 2012 मध्ये ही स्पर्धा जिंकली. 2015 मध्ये सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगीस जिंकल्या. 2023 मध्ये रोहन बोपण्णानं मॅथ्यू एब्डनबरोबर 43 व्या वर्षी विजेतेपद मिळवलं. मास्टर्स 1000 (पुरुषांच्या ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाच्या स्पर्धा, ही त्यातलीच एक) जिंकणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. दुहेरीत 40-40 ला एकाच गुणावर निकाल आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे सामना लवकर आटोपतो. दोन एकेरी सामन्यांच्या मधली फट भरायला उत्तम.

खोळंबा होतो तो बहुतेक वाऱ्यानं, क्वचित पावसानं. एकाही कोर्टावर छप्पर नाही, त्यामुळे सर आली की कोर्ट वाळेपर्यंत थांबणं आलं. 2024 च्या उपांत्यपूर्व फेरीत कार्लोस अल्काराझ आणि अलेक्झांडर झ्वेरेव यांचा सामना मधमाश्यांच्या थव्यानं जवळपास पावणेदोन तास थांबवला होता. असा मोठा खंड पडला की लगेच पार्किंगकडे धावू नका. रात्रीचा शेवटचा सामना संपल्यावर मात्र सगळे एकदमच निघतात. परतीची टॅक्सी बोलावणार असाल तर शेवटच्या सेटच्या मध्यावरच उठा. स्वतःची गाडी असेल तर सकाळी रांगेच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. अंधारात सगळी पार्किंगं सारखीच दिसतात.